जीप, पिकअप आणि धानाची पोती

"पेपरवाले, आज गाडी भंडाऱ्याले न्या लागत नाही." फोनवर गोपीभाऊ एवढंच बोलले आणि थांबले. मागे पिकअपचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. ते बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. माझी नोकरी वर्तमानपत्रातली, म्हणून मी त्यांच्यासाठी पेपरवाले. गोपीचंद हे तुमसरचे धानाचे व्यापारी आणि हिवराजभाऊजींचे शाळेपासूनचे मित्र. हिवराजभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आठवड्यातून दोनदा गोपीभाऊ त्यांना आपल्या पिकअपमधून भंडाऱ्याला डायलिसिससाठी नेत. त्या दिवशी पाळी होती. गाडी नेहमीप्रमाणे अंगणात आली, हॉर्न वाजला, ताई दारात आली आणि दाराची चौकट धरून तिथेच खाली बसली. भाऊजी पहाटे झोपेतच गेले होते. बातमीत जे पहिल्या वाक्यात यायला हवं, ते गोपीभाऊंच्या वाक्यात नव्हतं. तरी बातमी पूर्ण होती.

या घटनेला आता काही आठवडे झाले. हिवराजभाऊजींविषयी लिहायचं तर दोन गाड्यांविषयी लिहावं लागतं, त्याला इलाज नाही. त्यांच्या आयुष्याची शेवटची दहाबारा वर्षं एका वादात गेली. जास्त दमदार कोण, जुनी जीप की मोठी पिकअप? हा वाद त्यांनी गोपीभाऊंशी घातला. तो शेतात घातला, लग्नाच्या मांडवात घातला, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर घातला आणि शेवटी डायलिसिसच्या खुर्चीतही घातला.

भाऊजींचं गाव बपेऱ्याच्या अलीकडे, बावनथडीच्या काठाला. घर रस्त्याला लागून, पण शेत नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला. तिथे जायचं तर नाला उतरायचा, मग धुऱ्याधुऱ्याने जायचं. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, धानाच्या दोन खाचरांमधला, मातीचा बांध; बैलगाडी जेमतेम जाईल एवढा. या वाटेसाठी त्यांनी लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. तिला दारं नव्हती, टपाच्या जागी ताडपत्री होती, आणि बसायची गादी त्यांनी स्वतः शिवलेली होती. रोवणीच्या हंगामात ती परह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या आणि रोवणाऱ्या बायांना शेतात न्यायची. गावात कुणाला साप चावला तर तीच जीप सिहोऱ्यापर्यंत धावायची. भाऊजी कमी बोलत. जीपविषयी मात्र ते भरपूर बोलत.

गोपीभाऊंनी पिकअप घेतली तेव्हा ती दाखवायला ते सगळ्यात आधी भाऊजींकडेच आले. मोठी, उंच, पुढे दोन रांगांत माणसं बसतील अशी, मागे उघडा डाला, आणि चारही चाकांना ताकद जाणारी. त्यांनी ती मुद्दाम जीपला खेटून लावली. जीप तिच्या बाजूला वासरासारखी दिसू लागली.

भाऊजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. "का गा गोप्या, हा ट्रक हाय का कार हाय?"

"दोन्ही हाय. तुहा डबा कोनता हाय ते सांग आधी."

"माही जीप हाय. जिथं रस्ता सरते ना, तिथून तिचं काम सुरू होते."

"न जिथं काम सुरू होते तिथं ती किती माल नेते? चार पेंढ्या न दोन बाया!"

वादाचे मुद्दे त्या दिवशी ठरले आणि पुढे फारसे बदलले नाहीत. भाऊजींचं म्हणणं असं की दम म्हणजे अडकल्यावर निघणं. जीप आखूड, हलकी, उंच. नाल्यात उतरताना तिचं नाक टेकत नाही, धुरा ओलांडताना पोट टेकत नाही, बांबूच्या रांजीतून, दाट बेटातून, ती जागच्या जागी वळते. बिघडली तर तारेने बांधून घरी आणता येते. गोपीभाऊंचं म्हणणं असं की दम म्हणजे ओझं घेऊन न थांबता जाणं. पिकअप पोत्यांचा ढीग घेऊन तुमसरहून नागपूरला जाते आणि चालवणारा माणूस उतरल्यावर ताठ उभा राहतो. जीपमधून तेवढं अंतर गेलेला माणूस उतरल्यावर आधी कंबर शोधतो. दोघांचंही खरं होतं. अडचण अशी होती की दोघे एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. वाद संपू नये म्हणून कुणी ते बोलत नव्हतं.

पहिली परीक्षा रोवणीत झाली. गोपीभाऊ परह्यांच्या पेंढ्या घेऊन पिकअपने थेट शेतात निघाले. नाला ओलांडला, दोन धुरे पार झाले. पेंढ्या उतरवून रिकामी गाडी परत फिरवताना मागची चाकं धुऱ्यावरून घसरून बांधीत गेली. चिखलणी केलेली बांधी, वर घोटाभर पाणी. चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल उडाला आणि रोवणाऱ्या बायांच्या लुगड्यांवर पडला. बाया कमरेतून सरळ झाल्या. त्यांच्यातली सगुणाबाई तोंडाची फटकळ. तिने विचारलं, "अवो गोपीभाऊ, हा हत्ती बी रोवाचा हाय का? कोनत्या बांधीत लावाचा?"

हसण्याचा गलका झाला. गोपीभाऊ खाली उतरले, त्यांचे बूट चिखलात राहिले आणि पाय वर आले. पुन्हा गलका. शेवटी त्यांनी हार मानली. "हिवराज, लाव बाप्पा तुही जीप. ओढ."

भाऊजी जीपकडे गेले नाहीत. त्यांनी डाल्यावर हात ठेवून तो दोनतीनदा खाली दाबून पाहिला. म्हणाले, "जीप कायले पाहिजे? चढा वं बायाहो, डाल्यात चढा."

"अरे, चिखलाचे पाय हायत त्याइचे! गाडी नवीन हाय ना गा!"

"नवीन हाय म्हणूनच अडकली. चढा."

सगळ्या बाया चिखलाच्या पायांनी नव्या डाल्यात चढल्या. भाऊजींनी त्यांना अगदी मागे, चाकांच्या वर उभं केलं. गोपीभाऊंनी गिअर टाकला. चाकं एकदा फिरली, मग त्यांनी जमीन धरली आणि पिकअप सावकाश धुऱ्यावर चढून आली. बाया वरातीत असल्यासारख्या ओरडत होत्या. त्या गलक्यात भाऊजी जे म्हणाले ते पुढे कामी यायचं होतं. "तुही गाडी मागून रिकामी हाय, गोप्या. इंजिन पुढं, मानसं पुढं, न मागं काहीच नाही. म्हणून चिखलात घसरते न रस्त्यावर उडते. तिचे पाटे, चाकावरच्या स्प्रिंगा, ओझ्यासाठी केले हायत. वजन दे तिले. वजन आलं का शांत होते."

दुसरी परीक्षा मंडईत झाली. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेत, त्या वर्षी नाटक ठेवलं होतं, आणि नाटकवाल्यांचा सामानाचा ट्रक नदीच्या चढावर रेतीत बसला. भाऊजींनी जीप लावली. जीपने जीव तोडून ओढलं. क्लचचा जळका वास गावभर गेला, ट्रक हलला नाही. गोपीभाऊंनी काही न बोलता पिकअप आणली. या वेळी डाल्यात धान होतं. ट्रक वर आला. भाऊजी दोर सोडता सोडता म्हणाले, "वजन कोनी शिकवलं ते सांग यांइले." गोपीभाऊंनी तेवढं ऐकू न आल्यासारखं केलं. एक एक अशी बरोबरी झाली आणि ती तशीच राहिली.

त्यानंतर भाऊजींचे पाय सुजू लागले. भूक गेली, दम लागू लागला. नागपुरात तपासण्या झाल्या. किडन्या जवळपास थांबल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. डायलिसिस भंडाऱ्याला होईल, आठवड्यातून दोनदा, आणि चुकवायचं नाही. चुकवलं तर काय होईल हे त्यांनी ताईच्या समोर सांगितलं. ताईने पदर तोंडाला लावला. भाऊजींनी विचारलं, "गाडी चालवता येईन ना?"

सुरुवातीला त्यांनी ती चालवलीही. जीपने तुमसरपर्यंत, तिथून एसटीने भंडारा. येतानाही तसंच. मात्र डायलिसिस करून आलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बपेऱ्याकडचा रस्ता रेतीच्या टिप्परांनी उखडलेला. जीपच्या चारही पाट्यांमधून प्रत्येक खड्डा त्यांच्या पाठीत पोचत होता. सुया टोचलेला हात ते मांडीवर दुसऱ्या हाताने धरून बसत, मग गावातला कुणी जीप चालवी. काही दिवसांनी त्यांनी एक पाळी चुकवली. मग पुढचीही. ताईला म्हणाले, "तिथचं दुखनं सहन होते. रस्त्याचं नाही होत. मी आता जात नाही."

ताईने गोपीभाऊंना फोन केला. ते आले तेव्हा भाऊजी खाटेवर बसलेले, चेहरा सुजलेला. बोलणं ताईने जसं सांगितलं तसं इथे देत आहे.

"चाल, माही गाडी बाहेर उभी हाय."

"तुह्या ट्रकात मी नाही बसत."

"तुह्यासाठी नाही आलो मी. मले भंडाऱ्याले धान नेनं हाय. एकट्याले करमत नाही, म्हणून म्हटलं."

भाऊजींनी त्याही अवस्थेत मान वर केली. "तुमसरचा व्यापारी धान भंडाऱ्याले इकाले नेते? हे पयल्यांदाच आयकलं."

"तिथं एक गिऱ्हाईक हाय."

"न त्या गिऱ्हाइकाले धान न्यासाठी तू तुमसरहून उलटा इकडं आला?"

धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा बरी थाप मारता आली नाही. तुमसरला आसपासचं सगळं धान येतं. तिथून बाहेर कुणी धान विकायला नेत नाही, आणि नेलंच तर बपेऱ्याच्या दिशेने नेत नाही. पण भाऊजी उठले. का उठले ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा थाप उघडी पडलेल्या मित्राचा चेहरा पाहवला नसेल...

पहिल्या फेरीत डाला रिकामाच होता. धान आहे म्हणाले आणि धान आणायला विसरले. परतताना भाऊजी मागच्या सीटवर आडवे झाले. मोहाडीच्या अलीकडे गाडी इतकी उडाली की त्यांना उलटी झाली. गोपीभाऊंनी गाडी बाजूला लावली, पाणी दिलं, तोंड पुसलं. पुढच्या पाळीला पिकअप आली तेव्हा डाल्यात, अगदी मागे, चाकांच्या वर, धानाची सहा पोती होती. वरून ताडपत्री, तिला दोर.

त्या दिवसापासून भाऊजींची एकही पाळी चुकली नाही.

एका सुटीच्या दिवशी मलाही त्यांच्यासोबत जाण्याचा योग आला. निघण्याआधी गोपीभाऊंनी दोर ओढून पाहिला. भाऊजी मागच्या सीटवर उशी घेऊन बसले. सिहोरा ओलांडेपर्यंत वाद सुरू झाला होता.

"गोप्या, एक मानतो मी. तुही गाडी आता पयल्यासारखी उडत नाही."

"रुळली ना गा. म्हटलं होतं तुले."

"पाटे बसले वाटते तिचे."

"हां, पाटे बसले. वापरल्याशिवाय बसत नाहीत." गोपीभाऊ समोर रस्त्याकडे पाहत होते. कान लाल झाले होते.

"तरी जीप ते जीप. या नाल्यात उतरव बरं तुह्या हत्तीले."

"तुह्या डब्यात झोपून दाखव बरं भंडाऱ्यापर्यंत."

"मेल्यावर झोपीन."

"तवाही माह्याच गाडीत नेईन, पाहून घे."

हसले दोघेही. रस्ता तसा वाईटच होता. पण गाडी खड्ड्यात जाऊन जडपणे वर येत होती, धक्का आत पोचण्याआधीच विरत होता. भाऊजींनी डोळे मिटले आणि तुमसर येईपर्यंत ते खरोखर झोपले.

हॉस्पिटलात त्यांना खुर्चीत बसवलं, नळ्या जोडल्या. गोपीभाऊ बाहेर गेले. गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो म्हणाले. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. गोपीभाऊ पिकअपला टेकून उभे होते, तंबाखू मळत होते. ताडपत्री तशीच बांधलेली होती.

"पाहिलं?" भाऊजी म्हणाले. "लाल सुतळीनं शिवलेलं एक पोतं हाय त्यात. पयल्या दिवसापासून तेच हाय. उंदरानं कोपरा कुरतडला, तो बी तसाच हाय. त्याले वाटते मले समजत नाही."

मग सांगत का नाही, असं विचारल्यावर ते यंत्राच्या फिरत्या चाकाकडे पाहत म्हणाले, "सांगितलं तर मले काही म्हना लागन. मंग त्याले काही म्हना लागन. आमच्यात तशी सवय नाही बाप्पा... राहू दे. त्याले वाटू दे, पाटे बसले."

ताईला हे ठाऊक होतं. त्यांनी तिलाही ताकीद दिली होती. अशा रीतीने एका गाडीत दोन माणसं आठवड्यातून दोनदा एकमेकांशी खोटं बोलत जात आणि येत होती. ही व्यवस्था दीड वर्षाहून थोडी जास्त टिकली. या काळात भाऊजींनी मुलीचं लग्न पाहिलं आणि दोन वेळा आपल्या शेतातलं धान घरात आलेलं पाहिलं. दुसऱ्या वर्षी ते शेतापर्यंत जीपनेच गेले, शेवटचे. गावातल्या एकाने गाडी चालवली. त्यांनी जीपमध्ये बसूनच धान कापताना पाहिलं.

त्यांना पोचवलं त्या दिवशी सरण नदीवर रचायचं होतं. रोवणी उरकलेली, बांध्या पाण्याने भरलेल्या, नदीकडची वाट लोण्यासारखी. त्यांना माणसांच्या खांद्यावरून नेलं. प्रश्न लाकडांचा होता. पिकअप त्या वाटेवर जाणार नाही हे गोपीभाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. ते गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जीपपाशी गेले. इतक्या वर्षांत ते तिच्या स्टिअरिंगवर कधी बसले नव्हते. भाऊजींनी कितीदा म्हटलं तरी, हरल्यासारखं होईल म्हणून. त्या दिवशी बसले. जीप पहिल्यांदा सुरू झाली नाही. सगुणाबाई बाजूलाच उभी होती. ती हळूच म्हणाली, "आधी पायानं दोनदा दाबा, मंग चावी. ते तसंच करत." गोपीभाऊंनी दोनदा दाबलं. लाकडं घेऊन जीप बांध्यांच्या कडेने नदीपर्यंत गेली, कुठेही अडकली नाही. तिथे ती बंद करून गोपीभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. लोकांनी लाकडं उतरवली. गोपीभाऊ तसेच बसून म्हणत होते, "गेली बे हिवऱ्या... आली तुही जीप. कुठंच नाही अडकली."

तेरवीला ताईने त्यांना चहा नेऊन दिला आणि सांगून टाकलं. आता सांगायला मोकळीक आहे असं तिला वाटलं असावं. "गोपीभाऊ, आता उतरवून टाका ते पोते. त्याइले माहीत होतं."

गोपीभाऊंनी कप खाली ठेवला. "काय माहीत होतं?"

"पोते काहून हायत ते."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. बाया चढवल्या होत्या ना तुमच्या डाल्यात, तवा त्याइनंच तर सांगितलं होतं तुमाले."

चहा तसाच राहिला. गोपीभाऊ उठून अंगणात गेले आणि जीप व पिकअप यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, दोन्ही गाड्यांवर एकेक हात ठेवून, पाठमोरे उभे राहिले. ताईने मुलीला तिकडे जाऊ दिलं नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा गावी जाणं झालं. जीप गोठ्याशेजारी आहे. ती विकायची नाही असं ताईने ठरवलं आहे; सगुणाबाईचा जावई हंगामात ती चालवणार आहे. निघताना गोपीभाऊ घ्यायला आले, तुमसर रोड स्टेशनपर्यंत सोडतो म्हणाले. पिकअपमध्ये बसताना मागे नजर गेली. डाल्यावर ताडपत्री होती, दोर घट्ट होता. एका कोपऱ्यातून लाल सुतळी दिसत होती.

"उतरवली नाहीत पोती?"

"उतरवले होते ना." त्यांनी गाडी सुरू केली. गावाची वेस मागे पडल्यावर पुढचं सांगितलं. "तेरवीच्या दुसऱ्या दिवशी उतरवले. मोहाडीपर्यंत गेलो रिकामा. लय उडते, पेपरवाले... परत आलो न पुन्हा चढवले."

मागच्या सीटवर भाऊजींची उशी तशीच होती. सिहोऱ्यापुढे रस्ता उखडलेला आहे आणि तिथे पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे. तो येण्याच्या पुष्कळ आधी गोपीभाऊंनी वेग कमी केला. एक चाक सावकाश उतरवलं, मग दुसरं. गाडी जडपणे वाकली आणि वर आली. आत काहीच हललं नाही.